पंफुलियाचा रविवार

नगरला आमच्या चर्चमध्ये डाव्या बाजूचा शेवटून दुसरा खांब माझा होता. चांगला रुंद, दगडी. त्याच्यामागे बसलं की मी पाळकसाहेबांना दिसत नसे आणि पाळकसाहेब मला. वर पंखा. लहानपणापासून लग्न होईपर्यंत माझ्या वाट्याची जेवढी प्रवचनं झाली, त्यातली बरीचशी त्या खांबानेच ऐकली. रविवारी पाचशे माणूस. एक कमी की एक जास्त, मोजतंय कोण?

बायको नर्स. तिच्या नोकरीपायी आम्ही न्यूयॉर्कला आलो. न्यूयॉर्क म्हटलं की नातेवाईक आदराने बघतात, म्हणून मी पुढचं सांगत नाही: ते शहर आमच्यापासून गाडीने पाच तासांवर आहे. आमच्याकडे राज्य तेच, पण गायी, मका आणि बर्फ. गावात एपिस्कोपल, म्हणजे इंग्लंडच्या चर्चमधून निघालेल्या अमेरिकी पंथाचं, चर्च एकच. लाकडी इमारत, लाल दार, बाहेर 'आपलं स्वागत आहे' अशी पाटी. हजेरी सत्तावीस. नाताळात पन्नास. वादळ असलं की नऊ, त्यात पाळकबाई आणि ऑर्गन वाजवणाऱ्या बाई धरून.

आणि खांब एकही नाही.

पहिल्या रविवारी मी सवयीने मागे गेलो, तर मागे सगळी गर्दी. पुढचे चार बाक लग्नाच्या हॉलमधल्या व्हीआयपी सोफ्यांसारखे मोकळे. शेवटच्या बाकावर कोपऱ्यात एक जागा दिसली, मी बसलो. थोड्या वेळाने एक काठीवाल्या आजी शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि हसल्या. मीही हसलो. त्या आणखी हसल्या. हे असं बराच वेळ चाललं. शेवटी त्या म्हणाल्या, "बसा, बसा. मी इथे काही फार दिवसांपासून बसत नाही. १९६१ पासूनच." मी अंगावर पाल पडल्यासारखा उठलो. नंतर कळलं की पूर्वी अशा चर्चांमध्ये बाक भाड्याने देत. एकेका घराण्याचा एकेक बाक, त्यावर पितळी आकडा. पुढे भाडेपद्धत गेली, पण कुळं हटली नाहीत. कसेल त्याची जमीन, तसा बसेल त्याचा बाक.

मग उपासना सुरू झाली. पाळकबाई म्हणाल्या, "पान तीनशे पंचावन्न." सत्तावीसांतल्या एकानेही पुस्तक उघडलं नाही. १९७९ चं ते प्रार्थनेचं पुस्तक, जवळपास हजार पानांचं, आणि यांना ते आरतीसारखं पाठ. मी एकटा पानं फडफडवतोय. तीनशे पंचावन्न सापडलं तोवर मंडळी सातव्या वाक्यावर. तिथे पोचलो तर स्तोत्र आलं, ते सहाशेच्या पुढे. परत मागे. मध्येच दुसरं निळं पुस्तक, गाण्यांचं. फळ्यावर लिहिलंय 'एस-२८०'. मी २८० नंबरचं गाणं काढून खणखणीत आवाजात सुरू केलं. बाकी सगळे वेगळंच म्हणत होते. 'एस' नावाचा एक स्वतंत्र विभाग त्या पुस्तकाच्या सुरुवातीला असतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तोवर उभं राहायचं, बसायचं, गुडघे टेकायचे, पुन्हा उभं. शाळेत कवायतीला निदान 'सावधान' म्हणून ओरडायचे तरी. इथे सगळे आपोआप उठतात आणि तुम्ही नेमके तेव्हा बसलेले असता.

सगळ्यात कठीण म्हणजे 'शांती' देण्याचा भाग. मोठ्या चर्चमध्ये माणूस शेजारच्या चौघांशी हात मिळवतो आणि सुटतो. इथे प्रत्येक जण प्रत्येकाकडे जातो. मी एकदा प्रवचनात बसून हिशोब केला: सत्तावीस जणांनी एकमेकांशी एकदाच हात मिळवायचा, तर तीनशे एक्कावन्न हस्तांदोलनं होतात. मध्ये गुडघ्यांच्या ऑपरेशनची चौकशी असते, ती वेगळी. पाळकबाई वेदीपाशी उभ्या राहून लग्नात पंगत उठायची वाट बघणाऱ्या आचाऱ्यासारख्या बघत असतात.

पाळकबाई हा शब्द मी तयार केलेला आहे. आपल्याकडे पाळकीणबाई म्हणजे पाळकसाहेबांच्या पत्नी. एपिस्कोपल चर्चने १९७६ मध्ये स्त्रियांना पुरोहित व्हायची रीतसर परवानगी दिली, पण आमच्या घरातला शब्दकोश त्याहून जुना आहे. मी आईला फोनवर सांगितलं, "इथे प्रवचन पाळकीणबाई देतात."

"मग पाळकसाहेब कुठे असतात?"

"त्यांचे यजमान ना? ते रविवारी मासे पकडायला जातात."

आई बराच वेळ काही बोलली नाही.

आमची नोंदणी करताना पाळकबाईंनी विचारलं, तुम्ही कुठल्या चर्चचे? मी म्हटलं, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. १९७० च्या नोव्हेंबरात नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन ते झालं, त्यात इंग्रजांची अँग्लिकन मंडळीही होती, असं मी शाळेत पाठ केलेलं सगळं म्हणून दाखवलं. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, म्हणजे आपण एकाच मोठ्या कुटुंबातले, आपलं प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस, एकमेकांना चालतं. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, यांच्याशी आपला रोटीव्यवहार आहे. ती म्हणाली, बेटीव्यवहाराचं विचारलंस का, मुलगी मोठी होतेय.

तसा मला या लोकांचा इतिहास आपल्याच घरातला वाटतो. अमेरिका स्वतंत्र झाली आणि इथल्या मंडळीला स्वतःचा बिशप हवा झाला. सॅम्युअल सीबरी नावाचे गृहस्थ त्यासाठी इंग्लंडला गेले. तिथे म्हणाले, बिशप करतो, पण आधी राजाशी निष्ठेची शपथ घ्या. आता नुकतंच ज्याच्याशी लढलो त्याची शपथ कशी घेणार? महिनोन्‌महिने खेटे घालून शेवटी हे स्कॉटलंडला गेले आणि १४ नोव्हेंबर १७८४ ला ॲबर्डीनमध्ये बिशप होऊन आले. एका खिडकीवर काम अडलं की दुसऱ्या खिडकीवर जायचं. व्हिसाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या कोणालाही हा माणूस जवळचा वाटेल. यांच्या झेंड्याच्या कोपऱ्यात नऊ छोटे क्रूस तिरक्या फुलीसारखे मांडलेत, ती फुली त्या स्कॉटलंडच्या उपकाराची.

असो. मुद्दा खांबाचा होता.

सत्तावीसांच्या चर्चमध्ये प्रेक्षक ही जातच नसते. सुरुवातीच्या मिरवणुकीत क्रूस धरणारा एक, मेणबत्त्यांचे दोन, गायकवृंदाचे चौघे, पाळकबाई. आठ जण चालतात आणि उरलेले एकोणीस वळून बघतात. त्यातल्या काही जणांना पुढच्या आठवड्यात चालायचं असतं. हॉलमध्ये भिंतीवर एक तक्ता आहे: वाचन, वेदीची तयारी, कॉफी, गवत कापणं, बर्फ काढणं. रिकामा चौकोन दिसला की आजी काठीने तो दाखवतात. बायकोची रविवारी ड्युटी असते, हे कारण चालतं. मी घरून कॉम्प्युटरवर काम करतो, हे कारण नाही, उलट ती पात्रता आहे. सहा महिन्यांत मी वाचक झालो, कॉफीवाला झालो, वेदीची वस्त्रं धुणारा झालो. (प्याला पुसलेल्या रुमालाचं पहिलं पाणी मोरीत ओतायचं नाही, मातीत ओतायचं. मी आमच्या गुलाबाला घातलं. गुलाब जोरात आहे.) कारभारी मंडळात दोन 'वॉर्डन' असतात. मला आधी वसतिगृह आठवलं, मग तुरुंग. ज्युनियर वॉर्डनच्या वाट्याला इमारत असते, म्हणजे बॉयलर. मंडळाच्या ज्या सभेला मी गेलो, तिथे देवाचं नाव सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा आलं. मधले दोन तास बॉयलर.

एप्रिलच्या सुरुवातीला पाळकबाई एक पुस्तिका घेऊन आल्या. यांच्या संतदिनांच्या यादीत ५ एप्रिलला पंडिता रमाबाई आहेत. नाव कसं उच्चारायचं, एवढंच विचारायचं होतं. मी उत्साहाने रमाबाईंचा इंग्लंडमध्ये वाँटेजला झालेला बाप्तिस्मा, केडगावचं मुक्ती मिशन आणि त्यांनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून एकहाती केलेलं मराठी बायबल, सगळं सांगून टाकलं. इथे माझी चूक झाली. पाळकबाईंचे डोळे चमकले. "म्हणजे तुम्हाला मराठी वाचता येतं!"

ईस्टरपासून पन्नासाव्या दिवसाचा सण, पेंटेकॉस्ट, जवळ आला होता. त्या दिवशी प्रेषितांवर पवित्र आत्मा उतरला आणि ते नाना भाषांत बोलू लागले, हा उतारा वाचतात. पुष्कळ ठिकाणी तो एकाच वेळी अनेक भाषांत वाचायची पद्धत आहे. आमच्याकडे फ्रेंच निवृत्त शिक्षिकेची, स्पॅनिश गोठ्यावर काम करणाऱ्या कुटुंबाची, जर्मन आजींची. सीनियर वॉर्डनना दुसरी भाषा येत नाही, ते चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत वाचतात. मी आधी इंग्रजीत चार ओव्या वाचायच्या, मग सगळ्यांबरोबर मराठी. आणि तक्त्यावर बघितलं, तर त्याच रविवारी कॉफीही माझीच.

हा उतारा वाचकांचा कर्दनकाळ समजला जातो, कारण त्यात तिथे जमलेल्या लोकांची आणि त्यांच्या देशांची नावं ओळीने येतात. पार्थी, मेदी, एलामी इथपर्यंत ठीक. मग कप्पदुकिया, फ्रुगिया, पंफुलिया. आईने आठवडाभर रोज फोनवर माझी तालीम घेतली. "पंफुलिया. पं-फु-लि-या. अरे, फूल म्हणतोस ना?" उपासना इथे साडेनऊला, तेव्हा नगरला संध्याकाळचे सात. आमची उपासना एका मोबाइलवरून थेट दाखवतात. बघणारे चार, त्यात एक आई.

कॉफीबरोबर मी दोन किलोचे पोहे केले. गरम राहावेत म्हणून स्वयंपाकघरात विजेच्या शेगडीवर ठेवले. पहिलं गाणं सुरू झालं तेव्हा आठवलं की तीस कपांचा कॉफीचा पिंप लावायचा राहिलाय. मागच्या दाराने गेलो, बटण दाबलं, धावत परत आलो. बटणाशेजारी 'ऑर्गन चालू असताना शेगडी आणि पिंप एकदम लावू नये' असा कागद आहे. होता. त्याच्यावर कोणीतरी कॉफीचा तक्ता चिकटवला होता. कोणीतरी म्हणजे मीच.

जुना फ्यूज लगेच जात नाही, थोडा विचार करतो. मी लाल शर्ट घालून पुढे उभा राहिलो, सणाचा रंग लाल म्हणून. वाचायला लागलो. दुसऱ्या ओवीत, एकाएकी आकाशातून सुसाट वाऱ्यासारखा नाद झाला, असं आहे. तो शब्द मी उच्चारला आणि दिवे गेले, माइक गेला, आणि ऑर्गनच्या पोटातली हवा हूंऽऽऽ करत, बसकण मारणाऱ्या म्हशीसारखी, सावकाश बाहेर पडली.

कोणी हललं नाही. मग शेवटच्या बाकावरून आजींचा आवाज आला. "वा! मागच्या वर्षी नव्हतं हे."

ज्युनियर वॉर्डन तेवढे उठले, कारण त्यांना खरं काय ते कळलं होतं. बाहेर आभाळ भरलेलं, रंगीत काचांतून जेमतेम उजेड. पाळकबाईंनी हात वर केला आणि सगळ्या भाषा एकदम सुरू झाल्या. मला कागदावरचं एक अक्षर दिसेना. मी डोळे मिटले आणि आईच्या आवाजात म्हणत सुटलो. पार्थी, मेदी, एलामी, कप्पदुकिया, फ्रुगिया... आणि पुढे भिंत. आठवेना. शेजारी फ्रेंच जोरात, मागे जर्मन, या गलक्यात कोणाला काय कळणार? मी सरळ मिसर देशात उडी मारली. पुढे बघणाऱ्यांतले काही जण म्हणतात की हे नव्या द्राक्षारसाने झिंगलेत, आणि प्रेषित पेत्र म्हणतो, छे, अजून सकाळचे नऊच वाजलेत. हे मात्र मी अगदी मनापासून म्हटलं.

वीज आली. पोहे संपले, दोन बायकांनी कृती लिहून घेतली. पिंपाचं पाणी कोमटच होतं, पण कॉफीबद्दल कोणी बोललं नाही, सगळे त्या वाऱ्याबद्दलच बोलत होते. मीही खरं काही सांगितलं नाही. ज्युनियर वॉर्डन माझ्याकडे बघत पोहे खात होते. तेवढ्यात फोन वाजला.

"पंफुलिया गाळलंस," आई म्हणाली.

"अगं, अंधार होता. आणि आठ जण एकदम वाचत होते. तुला कसं ऐकू आलं?"

"तो मोबाइल तुझ्या पुढ्यातच ठेवलाय. आणि अशी लबाडी करायची तुझी जुनीच सवय आहे. नगरलाही खांबामागे झोपायचास."

मी गप्प झालो. आई तर बायकांच्या बाजूला, पुढून तिसऱ्या बाकावर बसायची.

"तुला माहीत होतं?"

"पाय बाहेर यायचे ना तुझे," आई म्हणाली.