पिशवी नको म्हटलं ना!

बेळगावच्या गणपत गल्लीत कोथिंबिरीची एक जुडी घ्या. ती एका पिशवीत. मिरच्या दुसऱ्या पिशवीत. मग त्या दोन्ही तिसऱ्या पिशवीत! "काका, कापडी पिशवी आणलीय की!" तर म्हणतात, "असू दे ओ ताई, भिजंल." काय भिजंल? कोथिंबीर? तिच्यावर आत्ताच तांब्याभर पाणी मारलंय तुम्ही!

कर्नाटकात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली २०१६ साली. कप, चमचे, स्ट्रॉ १ जुलै २०२२ पासून देशभर बंद. कागदावर हो! इथं उकळता चहासुद्धा पिशवीत गाठ मारून मिळतो. सांबार पिशवीत, चटणी पिशवीत, कुंदा डब्यात आणि डबा पुन्हा पिशवीत. आपण घरचा स्टीलचा डबा पुढे केला, की हॉटेलवाला उधारी मागितल्यासारखा बघतो.

घरी ओला-सुका निमूटपणे वेगळा करायचा (सासूबाईंशी भांडून!) आणि कचरागाडीवाल्यानं दोन्ही एकातच ओतायचं. मग दोन-दोन बादल्या आम्ही हौसेनं घासतो काय?

लग्नांचं तर विचारूच नका. पंगत केळीच्या पानावर, वा! आणि पाणी? इवल्याशा बाटल्या. एक घोट घ्यायचा, बाटली टाकायची, बोलत बोलत दुसरी फोडायची. तांब्या-भांडी काय गाव सोडून गेली?