हे मुलांचं आहे ना?

काकांनी आधी तळं नापास केलं, मग मासा, आणि सगळ्यात शेवटी माझी मासे पकडायची रील. तळ्याचं आणि माशाचं मला काही वाटलं नाही, दोन्ही माझी नव्हेत. रीलचं मात्र शनिवारपासून डोक्यात बसलंय.

डॅलसच्या उत्तरेकडच्या ज्या उपनगरांत आता दर चौथ्या घरातून फोडणीचा वास येतो, तिथल्याच एका वसाहतीत आम्ही राहतो. वसाहतीत तळं आहे. कडेने सिमेंटची पायवाट, ‘बदकांना खायला घालू नये’ अशी पाटी, आणि पाटीखाली खायला मागत उभी असलेली बदकं. संध्याकाळी मी तिथे गरवायला बसलो होतो. हातात पाच फुटी हलकी रॉड आणि तिच्यावर स्पिनकास्ट रील, म्हणजे ती झाकणवाली, मागे अंगठ्यासाठी बटण असलेली. बटण दाबून धरायचं, रॉड मागे न्यायची, पुढे आणताना बटण सोडायचं. झाकणाच्या टोकाला भोक असतं, त्यातून दोरा सुटतो. हँडल फिरवलं की टक् असा आवाज येतो, आतली बारकी खुंटी बाहेर येऊन दोरा पकडते आणि गुंडाळायला लागते. झालं शिक्षण. पुढचा सगळा वेळ पाण्याकडे बघायला मोकळा. मी वाशिष्ठीच्या काठी बांबूची काठी, तंगूस (नायलॉनचा दोरा) आणि गरी एवढ्यावर वाढलेला माणूस, मला याहून जास्त यंत्र हातात नको असतं.

एका ब्लूगिलने, म्हणजे इथल्या एका छोट्या चपट्या माशाने, गांडूळ अलगद काढून नेलं आणि गळ रिकामा परत आला, तेव्हा माझ्या तोंडून एक शब्द गेला. मागून आवाज आला, “मराठी का?”

काका उभे होते. पायात मुलाचे जुने पांढरे बूट, अंगात स्वेटर. अमेरिका थंड असते असं निघताना घरात ठरलं होतं, टेक्सासला कुणी कळवलं नव्हतं.

“हो काका. कसं ओळखलंत?”

“आत्ता जे म्हणालात त्यावरून.”

काका पाटबंधारे खात्यातले निवृत्त अभियंता. ऐन उमेदीची वर्षं उजनी धरणाच्या कामावर गेलेली. सध्या मुलाकडे, व्हिसाचे सहा महिने पुरे करायला. माझ्या शेजारी उभं राहून त्यांनी तळ्यावर एक नजर फिरवली आणि निकाल दिला, “हे तळं नव्हे. पावसाचं पाणी अडवायला खणलेला खड्डा आहे. तो बघा सांडवा. आणि काठाचं दगडी पिचिंग किती वाईट केलंय!”

यात खोटं काहीच नव्हतं. इथली वसाहतींमधली बहुतेक तळी अशीच असतात. रस्त्यांवरून आणि छपरांवरून वाहून येणारं पाणी एकदम पुढे जाऊन कुणाच्या घरात शिरू नये म्हणून खणलेली. मग त्यात मासे सोडतात, एक कारंजं बसवतात आणि काठच्या घरांना ‘लेकफ्रंट’ म्हणून वरचा भाव लावतात. आमचं घर काठावर नाही, त्यामुळे ‘खड्डा’ ऐकून मला थोडा आनंदच झाला.

तेवढ्यात बॉबर, म्हणजे दोऱ्यावरचा तरंगता गोळा, बुडाला. मी हँडल फिरवलं, हलकी रॉड छान वाकली आणि तळहाताएवढा ब्लूगिल वर आला. छातीवर शेंदरी, कल्ल्याच्या टोकाला काळपट निळा ठिपका, अंगावर उभे पट्टे. एवढासा जीव, पण पाण्यात आडवा होऊन असा ओढतो की दहा पौंडाचं काहीतरी लागलंय असं वाटावं. अलाबामातल्या एका तळ्यात 1950 साली पावणेपाच पौंडांचा सापडला होता, तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. हे सगळं मी काकांना सांगणार, तोच ते म्हणाले,

“चिलापी.”

“नाही काका, हा ब्लूगिल.”

“चिलापीच. भिगवणच्या बाजारात टोपल्याच्या टोपल्या बघितल्यात.”

“चिलापी मूळची आफ्रिकेतली. हा इथलाच मासा.”

“उजनीत तरी कुठे आफ्रिका होती? आली ना?”

याला उत्तर नाही. मी गळ काढला आणि मासा पाण्यात सोडला.

“सोडलात?” काकांच्या आवाजात धरणाचा दरवाजा चुकून उघडल्याची काळजी होती.

“हो.”

“मग धरलात कशाला?”

“मजा येते.”

“त्याला?”

मी नवीन गांडूळ लावायला घेतलं. काही प्रश्नांना खाली मान घालून काम करत राहणं एवढंच उत्तर असतं, हे मी नोकरीत शिकलोय. पण काका खात्यातले होते, त्यांना खाली घातलेल्या माना चांगल्या ओळखता येत होत्या. ते जवळ येऊन वाकले, रीलचं बटण एका बोटाने दाबून पाहिलं आणि विचारलं,

“हे मुलांचं आहे ना?”

तर आता या प्रश्नाबद्दल. तो मला काकांनी पहिल्यांदा विचारलेला नाही. दुकानात या रील्स खेळण्यांच्या शेजारी टांगलेल्या असतात. गुलाबी, जांभळ्या, कार्टून छापलेल्या. मोठ्यांचं साहित्य दुसऱ्या बाजूला, काचेच्या आत, कुलपात. मी ही घ्यायला गेलो तेव्हा विक्रेत्याने प्रेमाने विचारलं होतं, मुलगा केवढा आहे? मी ‘सात’ म्हणालो आणि पैसे देऊन बाहेर आलो. मला मुलगा नाही.

काकांना मात्र मी इतिहास सांगायचं ठरवलं. अभियंता माणूस, पटेल. म्हटलं, काका, ही रील जिथे जन्मली ते ओक्लाहोमातलं टल्सा इथून चारशे किलोमीटरवर आहे. हल नावाचा टेक्सासमधला एक घड्याळजी होता. दोऱ्याच्या गुंत्याला तो कंटाळला होता. गोष्ट अशी सांगतात की एका वाणसामानाच्या दुकानात त्याने पुडा बांधताना बघितलं. दोऱ्याचं रीळ जागच्या जागी घट्ट बसवलेलं आणि दोरा त्याच्या टोकावरून सरसर सुटत येतोय. रीळ फिरतच नाही, म्हणजे गुंता व्हायला जागाच नाही. त्यावरून त्याने ही रील बनवली आणि 1949 साली ती बाजारात आली. 1954 साली आलेलं तिचं ‘33’ नावाचं मॉडेल त्याच नावाने आजही मिळतं.

(इथे माझं मन जरा भरकटलं. चिपळूणला आमच्या वाण्याच्या डोक्यावर दोऱ्याचं रीळ टांगलेलं असायचं. साखरेच्या पुडीला तो दोरा दोन वेढे देऊन बोटाने कट् करून तोडायचा. अख्ख्या आळीने ते रोज बघितलं, आणि त्यातून आम्ही फक्त पुडीचा दोरा जपून ठेवायला शिकलो.)

“आणि ज्या कंपनीने ही बनवली ना काका, ती तोवर तेलविहिरींत फोडायचे बाँब बनवायची. झीरो अवर बाँब कंपनी. त्याची आद्याक्षरं जोडून झेब्को. असंही सांगतात की राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरना एक रील पाठवली, तर खोक्यावरचं बाँब कंपनीचं नाव वाचून सुरक्षारक्षकांनी खोकंच पाण्यात बुडवलं...”

काकांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “तो शब्द मोठ्याने घेऊ नका. मी व्हिसावर आहे.”

इतिहास तिथेच संपला. काका व्यवहारावर आले. याला परवाना लागतो का? लागतो. मी फोनवर काढून दाखवला. सगळ्यांना? म्हटलं, सतरा वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. काकांनी रीलकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“म्हणजे रील मुलांची आणि परवाना मोठ्यांचा? यात तुमचं नुकसान आहे.”

“हो काका.”

“आणि म्हाताऱ्यांना?”

“1931च्या आधी जन्मलेल्या इथल्या रहिवाशांना माफ आहे.”

“माझा अठ्ठेचाळीसचा. थोडक्यात हुकलं.”

खरं तर मला काकांचा राग नाही. राग आहे तो त्या प्रश्नामागच्या समजुतीचा. आपल्या लोकांना माणूस एखाद्या जागी सुखाने बसलेला बघवत नाही. साधी गोष्ट म्हणजे पहिली पायरी, आणि पहिल्या पायरीवर कुणी पथारी पसरली की वरच्यांना अस्वस्थ वाटतं. मंडळाच्या गणपतीत फोटो काढायला ज्याने साधा कॅमेरा आणला त्याला पुढच्या वर्षीपर्यंत तीन लेन्सा घ्यायला लावतात, मग तो आरती म्हणायचा थांबतो आणि आरतीचे फोटो काढतो. सकाळी चालायला जाणाऱ्याला मनगटावर घड्याळ बांधायला लावतात, ते रात्री त्याला झोप कशी लागली ते सांगतं. मी संध्याकाळी दीड तास बॉबरकडे बघतो, मला कुठेही पोचायचं नाही. तर यावर ‘पण पुढे काय?’

आणि याचा फटका वस्तूलाही बसतो, हे कुणी बोलत नाही. मुलांची म्हटली की बनवणारेही हात आखडतात. आत प्लास्टिकचे दाते. ड्रॅग, म्हणजे दोरा बेताने सोडणारा ब्रेक, असा की मासा ओढतो तेव्हा सुटत नाही आणि मग एकदम सुटतो. वर जाड, दहा पौंडांचा ताण सोसणारा तंगूस आधीच भरलेला, स्प्रिंगसारखी वळी पडलेला, त्याने हलका गळ लांब जातच नाही. मी तो काढून सहा पौंडी भरला, झाकण उघडून आत ग्रीस लावलं, तेव्हा ती माणसात आली. गराज सेलमध्ये कधी जुनी, धातूच्या दात्यांची सापडते, ती घ्यायला माझ्यासारखी चार म्हातारी माणसं आधीच वाकलेली असतात. जाणत्या माणसाला साधी वस्तू चांगली बनवलेली हवी असू शकते, हे बाजाराच्या हिशेबातच नाही. या रीलची फेक कमी असते हे मला मान्य आहे, दोरा झाकणाला घासत जातो. पण मला तळं ओलांडायचं नसतं. मासे या काठालाही असतात.

काकांनी मात्र माझी काळजी मनावर घेतली होती. त्यांनी पायवाटेकडे तोंड करून हाक मारली आणि नातू सायकलवरून आला. नऊएक वर्षांचा, चुणचुणीत. पाठीवर रॉड, तिच्यावर काळी, चकाकणारी बेटकास्टर. बाबांनी वाढदिवसाला घेतलेली. काका म्हणाले, “बाळा, या काकांना जरा शिकव.”

मुलाने माझी रील पाहिली. चेहऱ्यावर करुणा आली. “ओह, आय हॅड दॅट! मी फाइव्हचा होतो तेव्हा.”

“आता याच्याकडे पुढची आहे,” काका मला समजावून म्हणाले.

पुढची कशी असते ते मुलाने दाखवलं. बेटकास्टरमध्ये दोऱ्याचं रीळ स्वतःच गरागरा फिरतं. आमिष पाण्यावर पडून थांबतं, रीळ थांबत नाही. ते नेमक्या क्षणी अंगठ्याने दाबावं लागतं. ज्यांना साधतं ते चिमणीच्या चोचीत आमिष टाकतील, मला त्यांच्याबद्दल आदर आहे. मुलाने दोन्ही हातांनी जोर लावून रॉड फिरवली. आमिष चार हातांवर पडलं आणि रीलवर तंगुसाची खेकडा भजी तयार झाली.

काकांनी भज्याकडे पाहिलं, चष्मा घरी राहिल्याचं सांगितलं आणि ते माझ्या मांडीवर ठेवलं.

मी सोडवायला बसलो. एक फास ओढावा तर दुसरीकडे दोन आवळतात. मुलगा इकडे कंटाळला. म्हणाला, “काका, कॅन आय ट्राय युवर्स?” मी मान वर न करता रॉड दिली. त्याने अंगठा दाबला, सोडला, गळ बरोबर सांडव्याच्या तोंडाशी पडला. जिथे टाकायचं मी तासभर राखून ठेवलं होतं.

पुढचं मी फक्त ऐकलं. ड्रॅगची करकर, मुलाची किंकाळी आणि काकांचा पतंगाच्या दिवसांतला आवाज, “ढील दे! ढील दे! आता खेच!” दीड-दोन पौंडांचा कॅटफिश काठावर आला. त्याच्या कल्ल्यामागचे काटे लागतात, म्हणून गळ काढायला मला बोलावलं. काकांनी त्याला ‘शिंगाळा’ म्हणून उत्तीर्ण केलं. मी मासा मुलाच्या हातात नीट धरून दिला आणि पुन्हा गुंत्याकडे गेलो. फोटो झाल्यावर काका म्हणाले, “सोड बाळा, सोड. मुका जीव आहे, पुण्य लागेल.”

अंधार पडेपर्यंत मी गुंता सोडवला. काका ‘उत्तम’ म्हणाले आणि नातवाला घेऊन जेवायला गेले.

रात्री वसाहतीच्या मराठी ग्रुपवर फोटो आला. ‘नातवाने पकडलेला पहिला मासा, स्वतःच्या कौशल्यावर.’ रॉड माझी, रील माझी, जागा माझी. खाली हात जोडलेले, टाळ्या वाजवणारे, फुलं, केक. मग कुणीतरी विचारलं, मागे मान खाली घालून कोण बसलंय? काकांनी लगेच उत्तर दिलं होतं, ‘शिकतायत. होईल सवय.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाच्या वडिलांचा वेगळा मेसेज आला. आमची ओळख नव्हती. मला वाटलं, आभार असतील. ‘नमस्कार. बाबा सांगत होते की तुम्ही लाइनचा गुंता फार छान सोडवता. घरी अजून दोन रील्स तशाच पडल्यात. आणून देऊ का?’

मी ‘हो’ लिहिलं. दुपारी ते पिशवी दाराशी ठेवून गेले. तीन निघाल्या.