पायाखालच्या लाइटबद्दल दादांनी विचारलं, त्याचं उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि आज सकाळी परत वाचली, म्हणून उत्तराला उशीर झाला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. दादा गोव्यात डिचोली भागात बरीच वर्षं लाइटचं काम करतात. मी कीबोर्ड वाजवता वाजवता पायाने स्टेजचे लाइट कसे बदलतो ते मागे लिहिलं होतं, त्यावर त्यांचं म्हणणं असं की वादकाचं लक्ष वाजवण्यातच पाहिजे, लाइटवाल्या पोराच्या पोटावर पाय देऊ नये, पायाखाली करंट घेऊन बसणं धोक्याचं आहे, आणि व्हिडिओत शेवटचा पार (स्टेजवर टांगतात तो रंगीत लाइट) सारखा फडफडत होता.

फडफडीचं शंभर टक्के मान्य. पण तो पायाचा दोष नव्हे, केबलचा. आम्ही आठ पार एकाला एक जोडले होते आणि घाईत माइकची केबल लावली होती. तीन पिनांचा जॅक सारखाच असतो त्यामुळे बसते सुद्धा, पण डीएमएक्सचा (लाइटना हुकूम पाठवायची डिजिटल पद्धत) डेटा सेकंदाला अडीच लाख बिट या वेगाने धावतो, त्याला साधारण १२० ओहमची केबल लागते, नाहीतर सिग्नल टोकाला आपटून मागे येतो आणि शेवटचा पार गोंधळतो. आता केबल बदलली, आणि एका मेल जॅकमध्ये २ आणि ३ नंबरच्या पिनांमध्ये १२० ओहमचा रेझिस्टर सोल्डर करून तो शेवटच्या पारच्या आउटला लावला. साखळी गावातल्या कार्यक्रमात एकदाही फडफड झाली नाही. तुम्ही लिहिलं नसतं तर मी अजून पारलाच दोष देत बसलो असतो.

करंटची तुमची भीती रास्त आहे, कारण २३० व्होल्टची स्विचपेटी पायाशी ठेवून हॅलोजन चालू-बंद करणारे मी पण बघितलेत आणि ते खरंच जीवघेणं आहे, त्यात चवथीचे (गणपतीचे) कार्यक्रम म्हणजे मांडवाखालची जमीन ओली, चटई ओली. माझा फूटबोर्ड (पायाने दाबायच्या बटणांची पट्टी) लॅपटॉपच्या यूएसबीवर चालतो, म्हणजे ५ व्होल्ट. पाय फक्त निरोप पाठवतो, तो लॅपटॉपमधल्या क्यूएलसी प्लसला जातो (लाइट चालवायचं सॉफ्टवेअर, फुकट मिळतं, जरूर बघा) आणि तिथून डीएमएक्सने पारला. काही फूटबोर्डमध्ये सरळ २३० ची वायर जाते, तसला मी ओल्या मांडवात ठेवणार नाही. आणि पारच्या लाइनवर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) असल्याशिवाय आम्ही सुरूच करत नाही, मग आयोजक कितीही घाई करोत.

पोटाचा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला, कारण मी पण ह्याच धंद्यात राहतो. आमच्याकडे लाइट घेऊन येतो तो मुलगा अजून येतोच, त्याचे पैसे एक रुपयाने कमी केलेले नाहीत. पार टांगणं, फोकस करणं, जनरेटरवर व्होल्टेज पडलं की धावणं, हे माझा पाय करू शकत नाही. पण आधी काय व्हायचं ते पण सांगतो. तो पार साउंड मोडवर (आवाजाबरोबर आपोआप रंग बदलतात) टाकून खाली जाऊन उभा राहायचा, आणि अभंग चालू असताना मृदंगाच्या प्रत्येक थापेला लाल-हिरवा-निळा. त्याची चूक नव्हती हो, त्याला आमची गाण्यांची यादी संध्याकाळी सहाला मिळायची, उघड्यावरचा कार्यक्रम म्हणजे रात्री १० ला स्पीकर बंद, मग त्याच्याबरोबर तालीम करायची कधी? आणि रवींद्र भवनात किंवा फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात जिथे लाइटचा कन्सोल आहे, माणूस आहे, तिथे माझा फूटबोर्ड पिशवीतनं बाहेर पण येत नाही.

आता लक्षाचं. इथे मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. आमचा तबलजी अंतऱ्याच्या शेवटी तिहाई घेतो, तीनदा तोच तुकडा, आणि तिसऱ्याचा शेवटचा धा समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येतो, तिथेच धृपद उचलायचं आणि तिथेच सगळं स्टेज पिवळंधमक व्हायला पाहिजे. खाली उभा असलेला माणूस सम ऐकतो आणि मग बटण दाबतो, म्हणजे उशीर ठरलेलाच. माझा पाय आधीच लयीत हलतोय, तो समेची वाट बघत नाही, समेबरोबर पडतो. डीएमएक्सचे ५१२ चॅनेल भरून पाठवले तरी सेकंदाला ४४ वेळा जातात, तेवढा उशीर कोणाला कळत नाही. कळतो तो फेडचा. सुरुवातीला मी सगळ्या लूकना (आधी ठरवून ठेवलेल्या लाइटच्या रचनांना) एक सेकंदाचा फेड, म्हणजे लाइट हळूहळू बदलायचा वेळ, ठेवला होता आणि वाटत होतं पाय चुकतोय! आता समेवरचे लूक शून्य फेडचे, विलंबित सुरुवात असेल तर तीन सेकंद. आणि पाय कामाला लावणं आपल्याकडे नवीन थोडंच आहे, संगीत नाटकात पायपेटीवाले अख्खी रात्र दोन्ही पायांनी भाता मारत बोटांनी गायकाच्या ताना पकडायचे, त्यांचं लक्ष उडतं असं कोणी म्हटलं नाही.

पण सवय करावी लागते हे खरं. माझा उजवा पाय कीबोर्डचा सूर लांबवणाऱ्या सस्टेन पेडलवर, म्हणून लाइट डाव्या पायाला. उभं राहून दोन्ही जमत नाही, तोल जातो, म्हणून मी स्टुलावर बसून वाजवतो. देवळाच्या सभामंडपात अनवाणी वाजवावं लागतं, तेव्हा लोखंडी बटण अंगठ्याला टोचतं, पण अनवाणी पायाला बटण ओळखता येतं हा फायदा पण आहे. मी मधल्या बटणावर सायकल ट्यूबचा गोल तुकडा चिकटवलाय, अंगठ्याला रबर लागलं की कळतं तीन नंबर, मग डावी-उजवीकडची आपोआप सापडतात, खाली बघावं लागत नाही. आणि एकाच बटणावर 'पुढचा लूक, पुढचा लूक' असं कधी करू नका. एकदा बटण चुकून दोनदा लागलं आणि पुढची चार गाणी लाइट एक घर पुढे चालले, मागे आणायला वेळच मिळेना. एक बटण एक लूक, आणि निवेदनाचा पांढरा लाइट प्रत्येक गाण्यात त्याच जागी.

तुम्ही शेवटी विचारलंय ब्लॅकआउट कितव्या बटणावर ठेवता. ठेवलेलाच नाही. आधी पाच नंबरला होता. पेडण्याकडे एका गावात गाणं संपलं आणि मी काळोख केला, तो छान दिसला पण, पण आमची गायिका त्याच क्षणी लाकडी पायरीवरून खाली उतरत होती. पाय सरकला, तिने मांडवाचा खांब धरला म्हणून वाचली, कोपर मात्र सोलवटलं. तेव्हापासून माझा सगळ्यात काळोखाचा लूक म्हणजे मागचे दोन निळे पार २० टक्क्यांवर, आणि त्या पायरीला पांढरी टेप.