थँक्सगिव्हिंगचं ताट 400 वर्षांचं नाही

नोव्हेंबर अर्धा उलटला की अमेरिकेतल्या मराठी व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर हमखास फिरू लागतो. दर वर्षी सोबतचं चित्र बदलतं, शब्द थोडे इकडेतिकडे होतात, आशय तोच. अमेरिकन माणूस थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या आभाराच्या सणाला, 1621 पासून तेच ताट जेवतो: टर्की पक्षी, कुस्करलेले बटाटे, क्रॅनबेरी या आंबट फळाचा सॉस, भोपळ्याचा पाय (पिठाच्या पारीत सारण भरून भाजलेला पदार्थ). इतक्या वर्षांत एकदाही खंड नाही. पाककृती आजीकडून नातीकडे आल्या, बाजाराचा वारासुद्धा लागला नाही. देशभर एकच ताट. आणि आपण? आपण आपले सण दोन पिढ्यांत बाटवले, वर इथे येऊन त्यांच्या सणातही पनीर घुसवलं. शेवटी जोडलेले हात.

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. पण यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे आणि शेवटचं तर आपल्याच माणसांना उगाच खाली मान घालायला लावणारं आहे. म्हणून एकेक मुद्दा घेते.

"1621 पासून तेच ताट."

त्या जेवणाचा लेखी पुरावा म्हणजे जेमतेम एक परिच्छेद. न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या, प्लिमथ या इंग्रज वसाहतीतल्या एडवर्ड विन्स्लोने 11 डिसेंबर 1621 ची तारीख घालून इंग्लंडला एक पत्र धाडलं, त्यात तो येतो. पीक हाती आल्यावर गव्हर्नरने चार माणसं पक्षी मारायला पाठवली, त्यांनी एका दिवसात जवळपास आठवडाभर पुरतील इतके पक्षी आणले. तिथल्या मूळनिवासी वाम्पानोआग लोकांचा प्रमुख मॅसासॉइट 90 माणसं घेऊन आला. तीन दिवस खाणंपिणं चाललं आणि पाहुण्यांनी पाच हरणं मारून आणली. झालं, संपलं. पक्षी कुठले, ते त्यात नाही. गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्डने त्या हंगामात रानटर्की भरपूर मिळाल्याचं लिहून ठेवलंय, पण ते सगळ्या हंगामाबद्दल. तेव्हा टर्की असेलही, तशी बदकं आणि रानहंसही असतील. ताटात नक्की काय होतं असं छातीठोकपणे विचाराल तर उत्तर एकच: हरणाचं मांस.

बाकीच्या पदार्थांचं तर विचारूच नका. बटाटा तेव्हा न्यू इंग्लंडमध्ये पोचलाच नव्हता. तिथे त्याची लागवड सुरू झाली ती 1719 च्या सुमारास, न्यू हॅम्पशरमध्ये स्कॉट-आयरिश लोक येऊन वसले तेव्हा. प्लिमथला पहिल्या गाई आल्या 1624 मध्ये, म्हणजे बटाटा असता तरी त्यात घालायला लोणी कुठून आणणार? क्रॅनबेरी दलदलीत उगवत होत्या, पण त्यांचा गोड सॉस करण्याइतकी साखर कोणाकडे नव्हती, आणि साखरेशिवाय क्रॅनबेरी तोंडात धरवत नाही. भोपळेही होते. पायच्या पारीला लागणारं गव्हाचं पीठ आणि तो भाजायला भट्टी मात्र नव्हती. वसाहतीचा रोजचा आधार होता मका, त्याची जाड लापशी. शिवाय समुद्र दारातच, त्यामुळे वाम, शेवंडी, शिंपल्या. म्हणजे मालवणच्या माणसाला ते ताट आजच्या अमेरिकन माणसापेक्षा जास्त ओळखीचं वाटलं असतं.

आणखी एक गोष्ट या मजकुरात कधीच नसते. ही वसाहत वसवायला मेफ्लॉवर जहाजातून आलेल्या सुमारे 100 जणांपैकी निम्मे पहिल्याच हिवाळ्यात गेले. उरलेल्यांत प्रौढ बायका चारच होत्या. हाताखाली काही मुली असतील, पण पाहुणे धरून सुमारे 140 माणसांचं तीन दिवसांचं रांधणं. ताटात काय होतं यावर इतकी चर्चा होते, चुलीपुढे कोण होतं यावर कोणी ओळही लिहीत नाही.

मग आजचा बेत आला कुठून? 19व्या शतकातून. 1841 मध्ये अलेक्झांडर यंग नावाच्या बॉस्टनच्या पाद्र्याने विन्स्लोचं ते पत्र पुन्हा छापलं आणि तळटीप जोडली की हेच पहिलं थँक्सगिव्हिंग. त्याआधी 200 वर्षं त्या जेवणाला तसं कोणी म्हणत नव्हतं. बेत मात्र तोवर न्यू इंग्लंडच्या शेतकरी घरांत तयार होत आला होता. सॅरा जोसेफा हेल या न्यू हॅम्पशरच्या बाईंनी 1827 मध्ये लिहिलेल्या कादंबरीत या सणाच्या जेवणाचं पानभर वर्णन आहे. टेबलाच्या अग्रस्थानी भाजलेली टर्की, मग गोमांस, डुकराचं मांस, मेंढीचं मांस, बदक, कोंबडीचं मांस भरलेला पाय आणि भोपळ्याचा पाय. टर्की पुढे येण्यामागे साधा हिशेब होता. गाय दुधाला लागते, कोंबडी अंड्यांना. टर्की खाण्यासाठीच पाळायची, आणि एकीत सगळं घर जेवतं. पुढे हेलबाई त्या काळच्या नावाजलेल्या बायकांच्या मासिकाच्या संपादक झाल्या आणि वर्षानुवर्षं टर्कीच्या, तिच्या पोटात भरायच्या सारणाच्या, पायच्या कृती छापत राहिल्या. राष्ट्रीय ताट जर कोणी वाढलं असेल तर या विधवा, पाच मुलांच्या आईने.

"एकही वर्ष खंड नाही."

प्लिमथच्या लोकांच्या लेखी 'थँक्सगिव्हिंग' म्हणजे प्रार्थनेचा दिवस. दुष्काळानंतर पाऊस पडला की जाहीर करायचा. तसा 1623 मध्ये केला होता. 1621 ची पंगत दर वर्षी उठत नव्हती. जॉर्ज वॉशिंग्टनने 26 नोव्हेंबर 1789 हा दिवस जाहीर केला, थॉमस जेफरसनने आपल्या कारकिर्दीत एकदाही केला नाही. 19व्या शतकाच्या मध्यापर्यंत हा मुख्यतः उत्तरेकडचा सण होता आणि दक्षिणेत अनेकांना तो यँकी लोकांचं खूळ वाटे. हेलबाईंनी एकामागून एक राष्ट्राध्यक्षांना पत्रं लिहिली, शेवटी लिंकनने यादवी युद्धाच्या ऐन भरात, 3 ऑक्टोबर 1863 ला, नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार जाहीर केला.

त्यानंतरही घोळ झालाच. 1939 मध्ये शेवटचा गुरुवार 30 तारखेला आला. नाताळच्या खरेदीला दिवस कमी पडतील म्हणून दुकानदारांनी गळ घातली आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने सण एक आठवडा अलीकडे आणला. निम्म्या राज्यांनी ऐकलं, निम्म्यांनी नाही. टेक्सास, कोलोराडो आणि मिसिसिपीने दोन्ही दिवस पाळले! अखेर 1941 मध्ये अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे तिथल्या काँग्रेसने, कायदा करून चौथा गुरुवार ठरवला. तेव्हा अखंड परंपरा मोजायचीच असेल तर 1863 पासून मोजा.

याच मजकुराच्या काही आवृत्त्यांत "दोन समाज प्रेमाने एका पंगतीत बसले" असंही असतं. पंगत बसली, हे खरं. पण मॅसासॉइटच्या मुलाशी, मेटाकॉमशी, त्याच वसाहतींचं 1675 मध्ये युद्ध पेटलं. 1676 मध्ये तो मारला गेला आणि त्याचं शीर प्लिमथमध्ये कित्येक वर्षं खांबावर टांगलेलं होतं. 1970 पासून न्यू इंग्लंडमधले मूळनिवासी थँक्सगिव्हिंगच्या दिवशी प्लिमथच्या कोल्स हिलवर जमून शोकदिन पाळतात. जेवायला बसण्याआधी मुलांना हेही सांगावं असं मला वाटतं. सांगितल्याने जेवण गोड लागत नाही असा माझा अनुभव नाही.

"बाजाराचा वारासुद्धा लागला नाही."

इथे मात्र हसू आवरत नाही. अमेरिकेतल्या कोट्यवधी घरांत 'आमच्या आजीची' म्हणून जी फरसबीची डिश ओव्हनमधून निघते, ती 1955 मध्ये न्यू जर्सीतल्या कॅम्डेनला, कॅम्पबेल सूप कंपनीच्या स्वयंपाकघरात जन्मली. डॉर्कस राइली या तिथे नोकरीला होत्या. घरात एरवीही असतं तेवढ्याच सामानातून एक सोपी तोंडीलावणी करायची, हे त्यांचं काम. फरसबी, मशरूमच्या सूपचा डबा, दूध, मिरपूड, वरून तळलेला कांदा आणि, ऐका, सोया सॉस. कंपनीचं सूप खपलं, बाईंचा पदार्थ अजरामर झाला. त्यांचं मूळ हस्तलिखित कार्ड 2002 मध्ये नवे शोध लावणाऱ्यांच्या राष्ट्रीय संग्रहालयात जमा झालं.

रताळ्यावर मार्शमॅलो, म्हणजे साखरेचे मऊ फुगीर गोळे, पसरून भाजायची कृती? 1917 ची. अँजेलस मार्शमॅलोच्या कंपनीला आपला माल खपवायचा होता, म्हणून जॅनेट मॅकेन्झी हिल या नामवंत पाककृतीलेखिकेकडून पुस्तिका करून घेतली, त्यातली. भोपळ्याच्या पायची जी कृती आया लेकींना देतात, ती बरेचदा लिब्बी कंपनीच्या भोपळ्याच्या डब्यावरची असते आणि 1950 पासून तिथे छापली जाते आहे. क्रॅनबेरीचा सॉस डब्यात भरायची सुरुवात 1912 मध्ये मार्कस युरान या वकिलाने केली. ताजं फळ वर्षातले एकदोन महिनेच विकलं जाई, आणि मार लागलेल्या फळांचं करायचं काय हा प्रश्न होताच. डब्याच्या वळ्या अंगावर घेऊन ताटलीत सपकन पडणारा तो जेलीचा दंडगोल देशभर विकायला आला 1941 मध्ये. घरी ताजा सॉस केला तरी "तो वळ्यांचा कुठेय?" म्हणून रुसणारी मोठी माणसं मी पाहिली आहेत.

क्रॅनबेरीचा आणखी एक किस्सा आहे. 9 नोव्हेंबर 1959 ला सरकारने जाहीर केलं की काही क्रॅनबेरींत कर्करोगाशी संबंध असलेल्या तणनाशकाचा अंश सापडला. सणाला जेमतेम अडीच आठवडे उरलेले. दुकानांनी माल फळ्यांवरून उतरवला, आणि त्या वर्षी खुद्द व्हाइट हाउसमध्ये क्रॅनबेरीऐवजी सफरचंदाचा सॉस वाढला गेला.

हे सगळं मी हिणवायला सांगत नाही. डब्यावरची कृती आजीने 40 वर्षं केली, तिसऱ्या वर्षी जायफळ वाढवलं, दहाव्या वर्षी सूप बदललं, तर ती कृती आजीचीच. पण "बाजाराचा स्पर्श नाही" असं म्हणून आपल्या आयांना टोमणा मारायचा असेल, तर आधी तो डबा उलटा करून मागचं लेबल वाचा.

"देशभर एकच ताट."

दक्षिणेत टर्कीसोबतचं सारण मक्याच्या ब्रेडचं असतं. पक्ष्याच्या पोटात न भरता वेगळं भाजलं तर ते 'ड्रेसिंग', आणि त्यावरून वाद घालायला तिकडच्या माणसांना सण लागत नाही. कृष्णवर्णीय कुटुंबांत भाजलेलं मॅकरोनी-चीज आणि कॉलर्डची पालेभाजी नसेल तर जेवण अपुरं. पाय भोपळ्याचा नाही, रताळ्याचा. बाल्टिमोरमध्ये जर्मन वस्तीच्या वारशाने टर्कीशेजारी आंबवलेला कोबी येतो. मिनेसोटात तळ्यांतला रानतांदूळ, किनाऱ्यावर कालवं घातलेलं सारण, इटालियन घरांत टर्कीआधी लझान्या. मेक्सिकन घरांत टमाले. एकच ताट कुठे आहे हो?

आणि टर्कीतल्या ट्रिप्टोफॅन या प्रथिनातल्या घटकाने झोप येते, हे शेपूटही या मजकुराला हल्ली लागलंय. कोंबडीतही ते साधारण तेवढंच असतं. झोप येते ती बटाटे, सारण, ब्रेड, वाइन आणि दोन पाय पोटात गेल्यावर.

"आपण बाटवलं."

आता मुख्य दुखणं. अमेरिकेतल्या मराठी घरांत या दिवशी काय होतं ते मी पाहते. क्रॅनबेरीचं लोणचं होतं: मोहरीची डाळ, मेथी, हिंग, तिखट, वरून गार केलेली फोडणी. इतकं आंबट फळ हाती लागल्यावर मराठी बाईने दुसरं करायचं तरी काय? डब्यातल्या भोपळ्याचे घारगे होतात. शाकाहारी घरात अख्खा फ्लॉवर मसाला लावून ओव्हनमध्ये जातो. यात बाटवण्यासारखं काय आहे? जर्मन माणसाने कोबी आणला, आपण लोणचं आणलं.

त्यात कॅलेंडरची गंमत. सण गुरुवारचा, आणि मार्गशीर्षातले गुरुवार आपल्याकडे महालक्ष्मीचे. 2025 मध्ये तर 27 नोव्हेंबरला थँक्सगिव्हिंग आणि मार्गशीर्षातला पहिला गुरुवार एकत्रच आले. घट मांडायचा, उपवास करायचा, कहाणी वाचायची आणि घरात टर्की? बऱ्याच घरांनी टर्की शनिवारवर ढकलली. रूझवेल्टने दुकानदारांसाठी आठवडाभर सण सरकवला होता, लक्ष्मीसाठी दोन दिवस चालून जातात.

उपवासाचं म्हणाल, तर आपलं 'प्राचीन' उपवासाचं ताट एकदा बघा. साबुदाणा, शेंगदाणे, मिरची, बटाटा, रताळं. साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदापासून होतो तो आणि बाकीची चारही पिकं अमेरिका खंडातली, पोर्तुगीज येण्याआधी महाराष्ट्रात कोणी पाहिली नव्हती. साबुदाण्याचे तमिळनाडूतल्या सेलमचे कारखाने तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले. खिचडी म्हणून कमी पवित्र झाली का? आमच्या आजीने देवापुढे तीच ठेवली, मीही ठेवते.

घारग्यांबद्दल मात्र एक सांगते, कारण तिथे बऱ्याच जणी फसतात. लिब्बीचे दोन डबे मिळतात. मसाला-साखर घातलेला 'पाय मिक्स' घेऊ नका, नुसत्या भोपळ्याचा घ्या. तो गर किसलेल्या भोपळ्यापेक्षा बराच ओला असतो. गूळ घालून कढईत चांगला आटवा, पूर्ण गार होऊ द्या आणि मगच त्यात मावेल तेवढी कणीक आणि मूठभर तांदळाची पिठी घाला. पाण्याचा थेंब नको. नाहीतर घारगे तेलात फुलत नाहीत, नुसते तेल पितात.