कुर्दांची हळहळ पुरे

कुर्दांचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं: "अमेरिकेने बिचाऱ्यांना वापरलं आणि वाऱ्यावर सोडलं." खोटं नाही ते. १९७५ मध्ये इराणचा शाह आणि इराकचा सद्दाम यांनी अल्जीयर्सला समेट केला आणि इराकी कुर्दांचे नेते मुस्तफा बारझानी यांच्या पेशमर्गांना, म्हणजे कुर्दी लढवय्यांना, इराण-अमेरिकेकडून मिळणारी रसद एका फटक्यात तुटली. २०१९ मध्ये ट्रम्प यांनी उत्तर सीरियातून सैन्य काढून घेतलं, तेव्हा 'इसिस'शी लढताना हजारो माणसं गमावलेले कुर्द तुर्कस्तानच्या तोफांपुढे उघडे पडले.

पण या हळहळीत कुर्द म्हणजे फक्त दुसऱ्याच्या पटावरची प्यादी. मला ते पटत नाही. झाग्रोस आणि टॉरसच्या डोंगररांगांत शतकानुशतकं राहणारे हे तीन-चार कोटी लोक. पहिल्या महायुद्धानंतर १९२० च्या सेव्हरच्या तहाने त्यांना स्वतंत्र देशाची आशा दाखवली, १९२३ च्या लोझानच्या तहात तिचा उल्लेखही उरला नाही. इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. पुढची शंभर वर्षं तुर्कस्तान, इराण, इराक, सीरियात रोजचं जगणं कसं होतं, हे कुणी विचारत नाही.

तुर्कस्तानचंच घ्या. कुर्द नावाचे लोकच नाहीत, ते 'पहाडी तुर्क' आहेत, ही तिथली सरकारी भूमिका होती. १९८० च्या लष्करी बंडानंतर दियारबकीर या कुर्दबहुल शहराच्या तुरुंगात कुर्दी बोलायला बंदी होती. गावाकडून मुलाला भेटायला आलेल्या आईला तुर्की येत नसे. मग भेटीची वेळ संपेपर्यंत दोघं नुसती एकमेकांकडे बघत बसायची.

१९९१ मध्ये लैला झाना खासदार म्हणून निवडून आल्या. डोक्याला लाल-पिवळ्या-हिरव्या या कुर्दी रंगांची पट्टी बांधून त्या शपथ घ्यायला उभ्या राहिल्या. शपथ तुर्कीतच घेतली, पण शेवटी कुर्दीत एक वाक्य जोडलं: तुर्की आणि कुर्दी जनतेच्या बंधुत्वासाठी मी ही शपथ घेते. सभागृहात गदारोळ झाला. १९९४ मध्ये त्यांना १५ वर्षांची शिक्षा झाली, सुटका झाली २००४ मध्ये. बंधुत्वाची भाषा करणाऱ्या बाईची ही गत!

आता दुसरी बाजू, कारण कुर्दांवर प्रेम करणारे ती हमखास गाळतात. १९८८ मध्ये इराकमधल्या हलबजा या कुर्दी गावावर विषारी वायू टाकून सद्दामच्या विमानांनी सुमारे ५,००० माणसं मारली. त्याआधी, १९८३ मध्ये, बारझानी टोळीतले हजारो पुरुष आणि पोरं उचलून नेली होती, ती परत आलीच नाहीत. आणि १९९६ मध्ये, तालाबानींच्या प्रतिस्पर्धी कुर्दी पक्षाशी चाललेल्या भाऊबंदकीत, मुस्तफांचे पुत्र मसूद बारझानींनी त्याच सद्दामचं सैन्य इराकी कुर्दिस्तानातल्या अर्बिलमध्ये बोलावलं. याला बिचारेपण म्हणायचं? हे राजकारण आहे, आणि तेही घाणेरडं. कुर्दांना माणूस मानायचं तर याचाही जाब त्यांना विचारायला हवा.

वेगळा देश होईल का, यावर मी पैज लावणार नाही. २०१७ च्या सार्वमतात इराकी कुर्दिस्तानने सुमारे ९३ टक्क्यांनी होकार दिला आणि महिन्याच्या आत तेलसमृद्ध किरकुक इराकी सैन्याने घेतलं, हातचं गेलं. मला त्याहून जवळची कसोटी महत्त्वाची वाटते. जुलै २०२५ मध्ये इराकी कुर्दिस्तानातल्या सुलेमानियाजवळ पीकेकेच्या, म्हणजे तुर्कस्तानशी लढणाऱ्या कुर्दी सशस्त्र संघटनेच्या, लोकांनी आपल्या बंदुका स्वतः जाळल्या. कुर्दी हा २०१२ पासून तुर्कस्तानच्या शाळांत आठवड्याला दोन तासांचा ऐच्छिक विषय आहे. पण तुर्कीखेरीज दुसरी कुठलीही भाषा मातृभाषा म्हणून शिकवायची नाही, असं सांगणारं राज्यघटनेचं ४२ वं कलम बंदुका जळाल्या तेव्हाही जागच्या जागी होतं. अंकाराने काय दिलं हे मोजायचं असेल, तर मी आधी ते कलम उघडून बघेन.