कोर्स ड्रॉप करायच्या आधी इंटरनॅशनल ऑफिस गाठा

अमेरिकेत एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर शिकणाऱ्या मुलांचं स्टेटस, म्हणजे तिथे कायदेशीरपणे राहण्याचा हक्क, बऱ्याचदा एका क्लिकवर जातं. मिडटर्म बिघडते, मूल घाबरतं, रात्री विद्यापीठाचं पोर्टल उघडून कोर्स ड्रॉप करतं. पोर्टलला तुमच्या व्हिसाशी देणंघेणं नसतं. विद्यापीठांनी त्या बटणाशेजारी ठळक सूचना लावायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे. ओरिएंटेशनला नियम सांगतात, पण तेव्हा डोळ्यांवर झोप असते आणि डोक्यात बँक खातं, सिमकार्ड.

हिशोब असा. अंडरग्रॅडला सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट्स लागतात. मास्टर्सचा आकडा विद्यापीठ ठरवतं, बहुतेक ठिकाणी ९. म्हणजे ३-३ क्रेडिट्सचे तीनच कोर्स, त्यातला एक सोडला की तुम्ही पूर्णवेळ विद्यार्थी राहत नाही. बदली ऑनलाइन कोर्स घ्यायचा विचार असेल तर पूर्णवेळच्या हिशोबात सेमिस्टरला एकच ऑनलाइन कोर्स, जास्तीत जास्त ३ क्रेडिट्सचा, धरला जातो हे लक्षात ठेवा.

अकॅडमिक अ‍ॅडव्हायझर मनापासून सांगतात, "झेपत नसेल तर सोड, ट्रान्सक्रिप्टवर नुसता डब्ल्यू (विथड्रॉ, म्हणजे कोर्स सोडल्याची खूण) येईल." अभ्यासापुरतं ते बरोबरच असतं. पण सेव्हिसमधली, म्हणजे सरकारच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या डेटाबेसमधली, नोंद करतो डीएसओ, म्हणजे इंटरनॅशनल ऑफिसमधला त्यासाठी नेमलेला अधिकारी, आणि त्याची मंजुरी ड्रॉप करण्याआधी लागते.

मंजुरीची कारणं मोजकी आहेत. इंग्रजी किंवा वाचनाचा भार सुरुवातीला न झेपणं, इथल्या शिकवण्याच्या पद्धतीची सवय नसणं, चुकीच्या पातळीच्या कोर्सला बसवलं जाणं. ही सवलत एका पदवीत एकाच सेमिस्टरला मिळते, तेव्हाही निम्मे क्रेडिट्स ठेवावे लागतात आणि पुढच्या सेमिस्टरला पुन्हा पूर्ण. जीपीए पडेल ही भीती किंवा पैशांची अडचण यात बसत नाही. आजारपणाचं कारण वेगळं. त्यात एकूण १२ महिन्यांपर्यंत सवलत मिळू शकते, पण पत्र एमडी किंवा डीओ (ऑस्टिओपथी) डॉक्टरचं, नाहीतर परवानाधारक क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचंच हवं. कॅम्पसवरच्या काउन्सेलरकडे तो परवाना नसेल तर त्यांचं पत्र चालत नाही. कित्येक अर्ज इथेच अडकतात आणि तोवर विथड्रॉची मुदत टळते.

नापास होण्याने स्टेटस जात नाही, हे फार थोड्यांना माहीत असतं. शेवटपर्यंत कोर्समध्ये नाव राहिलं, हजेरी लावली, तर एफ ग्रेड आली तरी क्रेडिट्स मोजले जातात. जीपीएला फटका बसेल, असिस्टंटशिपही धोक्यात येईल, पण ते पुढे भरून काढता येतं. गेलेलं स्टेटस परत मिळवायला आय-५३९ फॉर्म भरावा लागतो, साधारणपणे पाच महिन्यांच्या आत, आणि बहुतेक वेळा जे झालं ते आपल्या हाताबाहेरचं होतं हे पटवून द्यावं लागतं. "मला नियम माहीत नव्हता" हे तिथे सहसा पुरत नाही.

कॅम्पसवरच्या कामाचंही तसंच. सेमिस्टर चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास, सगळ्या नोकऱ्या मिळून. लायब्ररीत १२ आणि डायनिंग हॉलमध्ये १० म्हणजे २२, उल्लंघन झालंच. पुढच्या आठवड्यात कमी करून ते भरून निघत नाही.

डीएसओला पोलीस समजून टाळू नका. विथड्रॉच्या मुदतीच्या निदान दोन आठवडे आधी भेटा, कारण फॉर्मवर अ‍ॅडव्हायझरची सही लागते आणि ऑफिसलाही वेळ लागतो. मंजुरीची नोंद असलेला नवा आय-२० (विद्यापीठ देतं तो व्हिसासाठीचा दाखला) हातात आला की मगच पोर्टल उघडा.