फुकट रेशनने मजूर आळशी झाले म्हणे!

‘फुकटचं बंद करा, देश वाचवा’ असं शीर्षक असलेला मेसेज तुम्हालाही आला असेल. त्यातले आरोप थोडक्यात असे: फुकट रेशन आणि लाडक्या बहिणीच्या पंधराशे रुपयांमुळे गरीब माणसं कामाला येईनाशी झाली, ते पैसे दारूत जातात, रेशनचा तांदूळ बाजारात विकला जातो, माणशी धान्य मिळतं म्हणून पोरांची संख्या वाढते, आणि हे सगळं आपल्या टॅक्सच्या पैशांवर.

एरवी डिलीट करून मोकळी झाले असते. पण माझ्या मावशीने तो मनावर घेतला. तिच्याकडे धुणी-भांडी करणाऱ्या ताईंनी दिवाळीनंतर पगार वाढवून मागितला, तर हिचं उत्तर, “तुला आता सरकार देतंय की!” आता हिशोब बघा. सरकारने त्या बाईंना पैसे दिले म्हणून मावशीने तिची पगारवाढ वाचवली. म्हणजे योजनेचा लाभ पोचला कुणाला? खरी लाडकी बहीण मावशीच झाली की!

आता तो आळशीपणा. रेशनवर प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळतं, म्हणजे दिवसाला साधारण 165 ग्रॅम. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यापासून तांदूळ 3 रुपये आणि गहू 2 रुपये किलोने मिळतच होता, जानेवारी 2023 पासून तेवढेही घेत नाहीत. चार माणसांच्या घराची यात महिन्याला पन्नासेक रुपयांची बचत झाली. पन्नास रुपयांत माणूस आळशी होतो? तेल, डाळ, मीठ-मिरची, गॅस, पोरांच्या वह्या, दवाखाना हे सगळं विकतच आणायचं. खुरपणीला बाईचा रोज 300 रुपये धरला, तर पंधराशे म्हणजे पाच दिवसांची मजुरी. उरलेले पंचवीस दिवस तिने काय हवा खाऊन काढायचे?

‘पण मजूर मिळत नाहीत हे खरंच आहे ना?’ हो, काही आठवडे मिळत नाहीत. सोयाबीन काढणीला आलं की अख्ख्या तालुक्याला एकाच पंधरवड्यात माणसं हवी असतात. टोळ्या गुत्त्याने काम घेतात, एकरी भाव ठरवतात, आणि जो बरा भाव देईल त्याच्याकडे आधी जातात. सोयाबीनला भाव चांगला आला की आपण थांबून विकतो, त्याला शहाणपण म्हणतो. मजुराने तेच केलं की तो माजला! घरात महिन्याचे गहू-तांदूळ असले की बाई पडेल त्या रोजावर जात नाही, हे मी मान्य करते. मला त्यात वाईट काही दिसत नाही. छोट्या शेतकऱ्याची त्यात ओढाताण होते, हेही खरं. पण त्याचं दुखणं शेतमालाच्या भावाचं आहे, त्यावर उपाय म्हणून मजुराच्या ताटातली भाकरी का काढायची? आणि आळशीच बघायचे असतील तर बीडकडच्या ऊसतोड जोडप्यांकडे बघा. रेशनकार्ड त्यांच्याकडेही असतं. तरी आगाऊ पैशांची उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि पहाटेच्या थंडीत कोयता घेऊन फडात उतरतात.

हे माझं मत झालं. पुरावा हवा असेल तर अभिजित बॅनर्जींचा घ्या. अर्थशास्त्राचे नोबेलवाले, आई माहेरची पाटणकर, म्हणजे मावशीलाही चालतील. त्यांनी तीन सहकाऱ्यांबरोबर 2017 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. मेक्सिको, होंडुरास, निकाराग्वा, मोरोक्को, फिलिपिन्स आणि इंडोनेशिया या सहा देशांतल्या, गरिबांना रोख मदत देणाऱ्या सात योजना त्यांनी तपासल्या. कुणाला आधी मदत मिळणार आणि कुणाला नाही, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं, त्यामुळे दोन्हीकडच्या लोकांची तुलना करता आली. मदत मिळणाऱ्यांनी काम सोडलं किंवा तास कमी केले, असा ठोस पुरावा कुठेच मिळाला नाही. यात भारत नाही, हे मीच सांगून टाकते. पण पैसे मिळाले की गरीब माणूस हातपाय पसरून बसतो हा नियम खरा असता, तर सहापैकी एखाद्या देशात तरी दिसायला हवा होता.

दारूचं म्हणाल तर पैसे बाईच्या खात्यात येतात आणि दारूचं दुकान बहुतेक तिच्या नवऱ्याच्या वाटेवर असतं. काही घरांत तो ते हिसकावतही असेल. मग गुन्हेगार तो, शिक्षा तिला?

तांदूळ विकतात, हे अर्धं खरं. ज्वारी खाणाऱ्या घरात तांदूळ साठला की काही जण तो मातीमोल भावाने विकून तेल आणतात. पोत्यांनी धान्य गायब होतं ते मात्र गोदामापासून दुकानापर्यंतच्या वाटेत. ते बायकांच्या पिशवीतून जात नाही.

पोरांच्या मुद्द्याला एक ओळ पुरे: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्राचा एकूण जननदर 1.7 आहे, म्हणजे एका बाईला सरासरी दोनपेक्षाही कमी पोरं.

योजनेत घोळ झाले, हे कबूल. लाडकी बहीणचे हप्ते हजारो पुरुषांच्या नावावर गेले. निवडणुकीच्या तोंडावर घाईने वाटप झालं आणि तिजोरीवर मोठा भार आला. त्यावर भांडा, मीही येते.

राहिला टॅक्स. तेलाच्या पिशवीवरचा 5 टक्के जीएसटी त्या ताईही भरतात. आणि मावशीच्या नवऱ्याच्या, म्हणजे काकांच्या पगारातून निवृत्तीपर्यंत जो व्यवसाय कर कापला जायचा, तो 1975 साली महाराष्ट्राने लावला होता तोच मुळी रोजगार हमीच्या खर्चासाठी. 1972 च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांना काम मिळावं म्हणून शहरातल्या पगारदारांनी वाटा उचलायचा, असं तेव्हाच ठरलं होतं. काकांनी तो इतकी वर्षं बिनतक्रार भरला.